पिक्चर लॉक झाला: आधी फेस्टिव्हल, आधी सेन्सॉर की आधी विक्री?

चौथी_भिंत

पहिला मराठी चित्रपट, लांबी १०८ मिनिटं. जूनमध्ये संकलन पक्कं झालं. चित्रीकरण यूएचडीत, सेकंदाला २५ फ्रेमवर. ध्वनी आणि रंगाचं काम बाकी आहे, इंग्रजी सबटायटल कच्ची आहेत. कलाकारांत दोघं नाटकातली, बाकी सगळी गावातलीच माणसं, त्यात एक ११ वर्षांचा मुलगा. मुख्य दोघांनी मानधनाचा मोठा भाग नंतर घ्यायचं कबूल केलंय. चित्रपट एका छापील कथेवर आहे. दोन प्रसंगांत विडी आहे, एकात बैलगाडी, आणि एका दृश्यात रेडिओवर जुनं भावगीत वाजतं. हातात ९ लाख उरलेत.

सेन्सॉर लगेच करून घ्यावं का? फेस्टिव्हलना आत्ताच पाठवावा की ध्वनी झाल्यावर? आणि ओळखीचे लोक गावात एक खेळ लावा म्हणतायत, तो लावावा का?

मधली_रांग

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तिकीट लावून किंवा जाहीर आमंत्रण देऊन गावात खेळ आत्ता लावू नका. व्हेनिस महोत्सवाच्या स्पर्धेला चित्रपट जगात प्रथमच दाखवला जाणारा लागतो, कान आणि बर्लिनच्या स्पर्धांना निदान मायदेशाबाहेर कुठे न दाखवलेला. सनडान्स आणि रॉटरडॅमच्या स्पर्धाही यात काटेकोर आहेत. हा पहिला खेळ एकदाच खर्च करता येतो. एखाद्या छोट्या ऑनलाइन महोत्सवाने पन्नास पुरस्कारांतला एक दिला आणि त्यापायी मोठा दरवाजा बंद झाला, असं पहिल्या चित्रपटांच्या बाबतीत फार वेळा घडतं. दर महिन्याला विजेते जाहीर करणारे, प्रवेश फी घेणारे आणि प्रत्यक्ष पडद्यावर काही न दाखवणारे महोत्सव सरळ टाळा.

जूनमध्ये लॉक म्हणजे व्हेनिस आणि टोरंटो या वर्षी जवळजवळ हातचे गेले. तुमचा खरा हंगाम जानेवारी-फेब्रुवारी: सनडान्स, रॉटरडॅम, बर्लिन. त्यांच्या प्रवेशिका साधारण ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत बंद होत जातात. अपुऱ्या ध्वनीसह पाठवलेलं चालतं, फक्त पहिल्या कार्डावर तसं लिहा आणि संवाद स्वच्छ ऐकू येतील एवढं काम आधी करा. रंग कच्चे असले तर निवड करणारे समजून घेतात. संवाद कळत नसले तर पहिल्या दहा मिनिटांत सोडून देतात.

दुसरी वाट गोव्याची. नोव्हेंबरमध्ये इफ्फी या सरकारी आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या बरोबरीने एनएफडीसीचा (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा) फिल्म बझार भरतो (२०२५ पासून वेव्हज फिल्म बझार). तिथली वर्क-इन-प्रोग्रेस लॅब अपुऱ्या चित्रपटांसाठीच आहे. अंतिम मिक्स (संवाद, संगीत, आवाज एकत्र बसवणं) झाला की तिचा दरवाजा बंद, म्हणून ध्वनीची घाई करण्याआधी तिचा अर्ज भरा. बझारच्या व्ह्यूइंग रूममध्ये ठेवलेला चित्रपट परदेशी महोत्सवांचे निवडकर्ते आणि विक्री एजंट बघतात. ते जाहीर प्रदर्शन नसतं, त्यामुळे प्रीमियरला धक्का लागत नाही.

सेन्सॉर लगेच नको. भारतातल्या महोत्सवात दाखवायला प्रमाणपत्र लागत नाही, सूट महोत्सव स्वतः मंत्रालयाकडून घेतो. आणि प्रमाणपत्रानंतर चित्रपटात काहीही काढलं-घातलं तर ते पुन्हा सेन्सॉर मंडळाकडे नोंदवावं लागतं. परदेशी प्रीमियरनंतर चार-पाच मिनिटं कापावीशी वाटणं अगदी नेहमीचं आहे.

मात्र राष्ट्रीय पुरस्कारासाठी प्रमाणपत्राचं वर्ष धरतात, प्रदर्शनाचं नाही. टप्प्यांच्या क्रमाचं ‘कोर्ट’ हे उत्तम उदाहरण: सप्टेंबर २०१४ मध्ये व्हेनिस, मग मुंबईत मामी महोत्सव, २०१४ च्या चित्रपटांसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार आणि त्यानंतर एप्रिल २०१५ मध्ये थिएटर. प्रत्येक टप्प्याने पुढच्या टप्प्याची प्रसिद्धी फुकटात केली. ‘साबर बोंडं’चाही क्रम तोच, जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स आणि सप्टेंबरमध्ये भारतात प्रदर्शन.

राज्य सरकारचं अनुदान ९ लाखांच्या हिशेबात धरू नका. समिती चित्रपट बघून दर्जा ठरवते आणि पैसे फार उशिरा हातात येतात. ते आले तर कर्ज फेडायला.

सहा_चॅनल

तांत्रिक बाजू. सर्वात आधी २५ फ्रेमचा निर्णय घ्या, कारण तो ध्वनी सुरू होण्यापूर्वीच घ्यावा लागतो. २५ फ्रेमचा डीसीपी (थिएटरात चालवायची डिजिटल प्रत) बनतो, पण थिएटरांतल्या जुन्या सर्व्हरवर अडतो. महोत्सवांसाठी २४ सुरक्षित. प्रत्येक फ्रेम तशीच ठेवून वेग २४ वर आणला की १०८ मिनिटांचे ११२ मिनिटं ३० सेकंद होतात आणि आवाजाचा स्वर सुमारे ४ टक्के खाली उतरतो. स्वर दुरुस्त करूनच मिक्स सुरू करा. मिक्स २५ वर करून शेवटी ताणला तर गाण्यांत आणि लांब स्वरांत थरथर ऐकू येते. फ्रेम गाळून २४ करणं तर नकोच, कॅमेरा फिरताना चित्र दचकतं. (पुढच्या वेळी २४ वर शूट करा आणि शटर १७२.८ अंश ठेवा. आपल्या ५० हर्ट्झच्या दिव्यांत ते लुकलुकत नाही.)

चौकट: यूएचडी १६:९ आहे, थिएटरच्या चौकटी दोन: फ्लॅट १९९८×१०८० आणि जास्त रुंद स्कोप २०४८×८५८. फ्लॅटमध्ये दोन्ही बाजूंना बारीक काळी पट्टी ठेवून १९२०×१०८० बसवा किंवा वरखाली मिळून सुमारे ४ टक्के कापा. कापणार असाल तर डोक्यावरची जागा शॉटगणिक तपासा.

डीसीपीत सर्वात जास्त घोटाळा चॅनलच्या क्रमात होतो. डीसीपीला डावा, उजवा, मधला, सब (खर्जाचा), डावा सराउंड, उजवा सराउंड असा क्रम लागतो. बरेच स्टुडिओ डावा, मधला, उजवा असा देतात. तसाच चढवला की सगळे संवाद उजव्या स्पीकरमधून येतात. हेडफोनवर हे पटकन लक्षात येत नाही, थिएटरात पहिल्या वाक्याला कळतं. म्हणून सकाळच्या पहिल्या खेळाआधी एखाद्या थिएटरात दोन तास मागून घ्या. सुरुवातीची दहा मिनिटं, सर्वात हळू संवादाचा प्रसंग, सर्वात अंधारा प्रसंग आणि शेवटची श्रेयनामावली, एवढं तरी बघाच.

डीसीपी बनवायला डीसीपी-ओ-मॅटिक हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. चित्राचा कमाल वेग सेकंदाला २५० मेगाबिट, म्हणजे ११२ मिनिटं ३० सेकंदांच्या चित्राला जास्तीत जास्त सुमारे २११ जीबी. एनक्रिप्शन (ठरावीक वेळेच्या चावीनेच उघडणारं डिजिटल कुलूप) महोत्सवाने मागितल्याशिवाय करू नका. चावीची वेळ चुकली किंवा ऐनवेळी सर्व्हर बदलला की खेळ रद्द होतो.

मिक्सच्या करारात तीन गोष्टी आत्ताच लिहून घ्या: सहा चॅनलचा ५.१, वेगळा मिसळलेला स्टिरिओ, आणि संवाद वगळून संगीत-आवाजांचा स्वतंत्र ट्रॅक. तिसरा नसेल तर डबिंगचे हक्क विकता येत नाहीत, आणि वर्षभराने तो बनवायला पुन्हा स्टुडिओ भाड्याने घ्यावा लागतो. ओटीटीची पातळीही वेगळी. नेटफ्लिक्स आवाजाची पातळी संवादांवर मोजून उणे २७ एलकेएफएस, दोन एककं इकडेतिकडे, एवढी मागतं. थिएटरचा मिक्स तसाच पाठवला तर परत येतो.

चौथी_भिंत

खूप आभार दोघांचे. सबटायटल चित्रातच छापायची की वेगळी ठेवायची? आणि करारांचं कुणी सांगेल का?

सहा_चॅनल

वेगळी ठेवा. परदेशी डीसीपीत इंग्रजी, महाराष्ट्रातल्या डीसीपीत काहीच नाही, सबटायटलसाठी चित्र वेगळं करावं लागत नाही. ओळ ४२ अक्षरांपर्यंत, एका वेळी दोनच ओळी, सेकंदाला १७ अक्षरांच्या वर नको. बोलीतली शिवी आणि नात्याची हाक कशी आणायची हे लेखकाबरोबर बसून ठरवा. कथेचा मुलूख तिथेच दिसतो किंवा तिथेच पुसला जातो.

कलम_एकोणीस

करारांत सर्वात आधी मूळ कथा. लेखकाचं पत्र उघडून बघा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार मुदत लिहिलेली नसेल तर हक्क ५ वर्षांचे धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारताचे, आणि वर्षभरात वापरले नाहीत तर, करारात वेगळं नसल्यास, ते परत जातात. ‘माझ्या कथेवर चित्रपट करण्यास संमती आहे’ एवढंच पत्र असेल तर परदेशी विक्री एजंट तिथेच थांबेल. जगभर, सर्व माध्यमं, कॉपीराइटची पूर्ण मुदत असा नवा करार आत्ताच करा. पुरस्कार मिळाल्यावर तीच सही महाग पडते.

भावगीताचे हक्क दोन: शब्द-चाल एकीकडे, ध्वनिमुद्रण दुसरीकडे, आणि दोन्हींचे मालक बहुधा वेगळे. परवानगी नसेल तर मिक्सच्या आधी गाणं बदला. फक्त महोत्सवांपुरती स्वस्त परवानगी घेता येते, पण प्रदर्शन आणि ओटीटीचा दर त्याच पत्रात आधीच बांधून घ्या. तुमच्या संगीतकार-गीतकाराच्या करारात ‘रॉयल्टीचा हक्क सोडला’ असं लिहिलं असेल तर कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर, थिएटरातलं प्रदर्शन सोडून, ते टिकत नाही.

आता मानधन. पुढे ढकललेली रक्कम ‘नफ्यातून’ द्यायचं कधीही लिहू नका. कलाकाराच्या दृष्टीने त्याचा अर्थ ‘कधीच नाही’ असा होतो. २०० रुपयांच्या तिकिटातून १८ टक्के जीएसटी गेला की १६९ उरतात. पहिल्या आठवड्यात थिएटर त्यातले साधारण निम्मे ठेवतं. उरलेल्या ८५ मधून वितरकाचं कमिशन आणि प्रसिद्धीचा खर्च वजा होतो, आणि बहुतेक लहान चित्रपटांत निर्मात्यापर्यंत काहीच पोहोचत नाही. त्याऐवजी असं लिहा: निर्मात्याच्या खात्यात कुठल्याही मार्गाने जे पैसे येतील (विक्री, पुरस्काराची रक्कम, अनुदान), त्यातून विक्री कमिशन आणि डीसीपी-सबटायटलचा खर्च वजा जाता ठरलेले टक्के थकीत मानधनाकडे, गुंतवणूकदाराच्या बरोबरीने, रक्कम पुरी होईपर्यंत. दर ६ महिन्यांनी हिशेब, शून्य असला तरी. गुंतवणूकदाराची सही याच कागदावर हवी.

गावातल्या कलाकारांचे करार मराठीत, दोन साक्षीदारांसह करा. त्यांचा चेहरा आणि आवाज पोस्टर-ट्रेलरमध्ये वापरण्याची परवानगी त्यातच घ्या.

विंगेत_उभी

कलाकारांच्या बाजूने थोडं. नाटकातल्या त्या दोघांसाठी मानधनाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे वापरता येईल असं काम हातात असणं. चित्रपट महोत्सवांत वर्ष-दीड वर्ष फिरतो आणि तोवर त्यांच्याकडे दाखवायला काही नसतं. करारात लिहा की पहिल्या खेळानंतर प्रत्येकाला ६० ते ९० सेकंदांचे दोन प्रसंग मिळतील, रंग आणि ध्वनी पूर्ण झालेले, पासवर्ड घातलेल्या लिंकवर. कास्टिंग करणारे लोक संगीतावर कापलेली झलक बघत नाहीत. त्यांना एक सलग प्रसंग हवा असतो, ज्यात कलाकार ऐकताना दिसतो. एक बोलण्याचा आणि एक गप्प राहण्याचा प्रसंग निवडा.

नावांचा क्रम, एकट्याचं कार्ड की दोघांचं, आणि महोत्सवाला प्रवासखर्च एकाच कलाकाराचा मिळाला तर कुणी जायचं, हे आत्ताच बोलून घ्या. महोत्सव बहुधा दिग्दर्शकाचाच खर्च देतो. डबिंगचे दिवस मानधनात धरलेत की वेगळे, हेही कागदावर आणा.

मुलाचं सगळ्यात काळजीपूर्वक करा. बालकामगार नियमांनुसार चित्रीकरणाआधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि मोबदल्यातले किमान २० टक्के त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव. ठेवीची पावती आणि परवानगी फाइलला लावा. ठेव राहिली असेल तर ९ लाखांतला पहिला चेक तो लिहा.

मधली_रांग

वर राहिलेलं. बैलगाडीसाठी प्राणी कल्याण मंडळाची चित्रीकरणापूर्वीची परवानगी आणि नंतरचं ना-हरकत, दोन्ही सेन्सॉरच्या अर्जाला लागतात. पूर्वपरवानगी नसेल तर तो प्रसंग अडकू शकतो. कागद आजच शोधा, कारण प्रसंग कापावा लागला तर तो मिक्सच्या आधी कापलेला बरा.

विडीमुळे भारतातल्या प्रतीत सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर प्रत्येकी ३० सेकंदांचा आरोग्य संदेश, २० सेकंदांचं दृकश्राव्य निवेदन आणि त्या प्रसंगांत पडद्याच्या तळाशी इशारा लागतो. परदेशी प्रतीत यातलं काहीच नको. म्हणजे दोन डीसीपी, त्याचे पैसे आताच बाजूला ठेवा. राष्ट्रीय पुरस्कार आणि इफ्फीच्या इंडियन पॅनोरमा या भारतीय चित्रपटांच्या विभागासाठी १ जानेवारी २०२५ पासून कर्णबधिरांसाठी क्लोज्ड कॅप्शन आणि अंधांसाठी दृश्यवर्णनही बंधनकारक आहे. कॅप्शन म्हणजे इंग्रजी सबटायटल नव्हे, त्यात दार वाजलं, बैलाच्या घुंगरांचा आवाज आला, हेही लिहावं लागतं. दृश्यवर्णन संवादांच्या मधल्या जागेत बसवायचं असतं, म्हणून मिक्स करणाऱ्याला आधीच सांगा.