मदत हवी आहे: होनोरियसच्या सॉलिडसवर तीन 'जी' का?

मंडळी, रोमन नाण्यांचा छंद असलेलं कुणी आहे का इथे? गेल्या महिन्यात एका नाणे-प्रदर्शनात रोमन सम्राट होनोरियसचा सॉलिडस (सोन्याचं नाणं) घेतला. पैसे बरेच गेले, घरी अजून खरा आकडा सांगितलेला नाही.

वजन 4.42 ग्रॅम भरलं. सम्राट कॉन्स्टंटाईनने एका रोमन पौंडाचे 72 सॉलिडस पाडायचे ठरवले, म्हणजे एक साधारण साडेचार ग्रॅमचा. तेव्हा वजनाची चिंता नाही. मागच्या बाजूला सम्राट उभा, हातात ध्वज, दुसऱ्या हातात छोटी विजयदेवता, डावा पाय बंदिवानाच्या अंगावर. त्या बिचाऱ्याचा चेहरा पार झिजलाय, पण वाकलेला गुडघा स्पष्ट दिसतो. दोन्ही बाजूंना एम आणि डी, म्हणजे मेडिओलानमची, आताच्या मिलानची टांकसाळ. खाली 'कॉमोब', सोन्याच्या नाण्यांवरची ठरलेली खूण.

अडलंय ते वरच्या मजकुरावर. 'व्हिक्टोरिया' आणि पुढे 'ऑग' ('ऑगस्टस', म्हणजे सम्राट, याचं लघुरूप), त्यात जी चक्क तीनदा. जितके जी तितके सम्राट, असं मी शिकलो. पण होनोरियसचे वडील, सम्राट थिओडोसियस, इ.स. 395 च्या जानेवारीत वारले. मग त्यांची मुलं आर्केडियस आणि होनोरियस दोघेच सम्राट उरले, आणि आर्केडियसचा मुलगा धाकटा थिओडोसियस 402 मध्ये सम्राट झाला. त्याच वर्षी होनोरियसचा दरबार मिलान सोडून रावेन्नाला गेला.

मग हे नाणं 395 च्या आधीचं धरायचं, की टांकसाळवाले जुनाच मजकूर वर्षानुवर्षं ठोकत राहिले? चेहऱ्याच्या घडणीवरून किंवा अक्षरांच्या वळणावरून काळ ठरवता येतो का? कडेचा फोटोही टाकतो, कातरलंय का तेही बघा प्लीज.