परतून आल्यावरचं एकटेपण : माजी सैनिकांनो, तुमचे अनुभव सांगा

शौर्यकथा नकोत, त्या ढीगभर आहेत. घरी आल्यानंतरचं लिहा. घरच्यांनीही लिहावं. टेडेस्की आणि कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांनी आघातानंतर माणसात होणारी वाढ मोजायला १९९६ साली २१ विधानांची प्रश्नावली मांडली. नात्यांतली जवळीक, नव्या वाटा, आतलं बळ, आयुष्याची किंमत, अध्यात्म अशी तिची पाच अंगं. यातली तीन-चार माझ्यात आहेत असं म्हणायला हरकत नाही. तरी एकटेपण जात नाही, म्हणून विचारतोय.

पायदळ, निवृत्त
दार आपटलं आणि मी जमिनीवर आडवा. मुलगी आधी हसली, मग घाबरली. का ते दोन वर्षांनी सांगितलं, तेही अर्धंच. आता ती दार अगदी हळू लावते. तेही मला सहन होत नाही.

सिग्नलवाला
पूर्वीचा तापट मी राहिलो नाही, हे खरं. पण मित्र बढतीवरून कुरकुरतात तेव्हा आत काही हलतच नाही. मान डोलावतो आणि लवकर निघतो.

एका युद्धकैद्याची पत्नी
सुटून आले तेव्हा सगळे म्हणाले, नशीबवान आहात. रात्री दिवा मालवू देत नाहीत. शेजारच्या मुलांना मात्र तासन्‌तास गणित शिकवतात, एकदाही न चिडता. पूर्वी हा धीर नव्हता हो त्यांच्यात! माझ्याशी दिवसाला दहा वाक्यं. याला वाढ म्हणायचं का?

तोफखाना
ताई, ते तुमच्याशी बोलत नाहीत कारण तुम्हाला त्यातलं काही दिसू नये असं त्यांना वाटतं. निदान माझं तरी तसंच होतं. व्हिएतनामहून परतलेले अमेरिकन सैनिक १९७० पासून न्यूयॉर्कमध्ये गोल करून मनातलं बोलायला बसायचे, मानसोपचारतज्ज्ञही त्यांच्यातच बसायचे. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मनात मागे राहणाऱ्या ताणाचा आजार, हे निदान तिथल्या मानसिक आजारांच्या अधिकृत यादीत आलं १९८० मध्ये, म्हणजे बैठकी आधी, नाव नंतर. आम्हीही सहाजण महिन्यातून एकदा जमतो. चौघं तोंड उघडत नाहीत, पण चुकत कुणीच नाही.

वैद्यकीय पथक
अशा एका बैठकीला मीही गेले होते. जखमी उचलण्यात माझी सहा वर्षं गेली. पहिलाच प्रश्न आला, "तुमचे मिस्टर कुठल्या युनिटला होते?"