खरखरीआडच्या केसरबाई

सध्या आमच्या गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरच ऐकतोय. कुणी म्हणतं की त्यांच्या जुन्या तबकड्या नुसत्या खरखरतात. खरं आहे, पण म्हणून ‘साफ’ केलेली प्रत घेऊ नका. अति सफाईत खरखरीबरोबर आवाजाची धारही जाते, ‘आ’कारातलं गाणं बोथट होतं. बास (खालच्या पट्टीचा आवाज) वाढवू नका, हेडफोन लावा. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची, तेव्हा निवांत आलापी शोधण्यात अर्थ नाही. तीनतालाच्या १६ मात्रा बोटांवर मोजत तान (सुरांची वेगवान मालिका) समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, कशी उतरते ते पाहा. त्यांच्या जयपूर घराण्याची खरी गंमत तिथेच. १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेलेली त्यांची भैरवी सगळेच ऐकतात, ती मागाहून. आधी ख्याल, मग कुर्डीच्या गायिका मोगूबाई. दोघींचे गुरू अल्लादिया खाँच.