सोफ्याशेजारचं टेबल (सोसायटीचा ग्रुप, जळगाव)

बी-२०३ वहिनी: नवा सोफा आला एकदाचा. शेजारी साईड टेबल घ्यायचंय. ऑनलाइन एक आवडलंय, गोल, वर काच, तीन पाय, उंची १८ इंच. घेऊ का?

ए-१०२ नाना: सोफाले टेबल कसाले? कप हातमा धरा ना.

बी-४०१ ताई: नाना, तुमचा कप सोफ्याच्या पायाशी असतो. मागच्या रविवारी माझाच पाय लागला त्याला.

सी-३०२ दादा: वहिनी, सोफ्याचा हात जमिनीपासून किती उंच आहे? टेप लावा.

बी-२०३ वहिनी: २४ भरला.

सी-३०२ दादा: मग १८ नकोच. ती मधल्या टिपॉयची उंची झाली, तो बसायच्या गादीच्या आसपास असतो. बाजूचं टेबल सोफ्याच्या हाताच्या बरोबरीला किंवा इंच-दोन इंच खाली हवं. म्हणजे तुमचं २२ ते २४. हातापेक्षा वर गेलं की कोपर कडेला आपटतं. मी न मोजता १६ चं आणलं होतं, त्यावर आता तुळशीची कुंडी आहे.

वॉचमन: टाकी भरली. मोटर बंद केली.

बी-४०१ ताई: आणि वरचा पाट केवढा? आपल्याकडे पाहुणा आला की तांब्या-पेला आधी, मग चहा, मग चिवड्याची ताटली. १२ इंचात मावत नाही हो. १८ बाय १८ तरी घ्या. फक्त सोफ्याच्या पुढे नाक काढून उभं राहायला नको, गॅलरीत जाताना गुडघ्याला लागतं.

बी-२०३ वहिनी: आमचा सोफा ३२ इंच खोल आहे, मग चालेल.

सी-५०१ काका: मुख्य गोष्ट राहिली. तुमच्या सासूबाई उठताना कशाला धरतात?

बी-२०३ वहिनी: 🙈 जे हाताशी येईल त्याला.

सी-५०१ काका: मग तीन पायांचं हलकं टेबल नाही म्हणजे नाही. कडेवर भार आला की कलंडतं. चार पाय, तेही अगदी कोपऱ्यांत, आणि जरा वजनदार. काच तर अजिबात नको, घरात रांगणारं बाळ आहे. लाकडाचं करा, कोपरे घासून गोल करायला सांगा.

ए-१०२ नाना: हाई बरोबर शे.

बी-४०१ ताई: एमडीएफ, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेली फळी, स्वस्त पडेल?

सी-३०२ दादा: पडेल. पण तो सोफा खिडकीजवळ, खिडकीत कूलर. मार्चपासून जूनपर्यंत त्याचा ओला वारा तिकडेच. त्यात फरशी पुसताना खालून पाणी लागतं. एमडीएफची कड एकदा फुगली की परत बसत नाही, आमच्या टीव्हीच्या स्टँडचे पाय बघून जा. प्लाय घ्यायचा तर बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या डिंकाचा, आणि कडा उघड्या ठेवू नका. पायांना खाली रबरी बूच.

सी-५०१ काका: जुनं सागाचं काही आहे का घरात? पलंग वगैरे?

बी-२०३ वहिनी: आजेसासऱ्यांचा पलंग आहे गच्चीच्या खोलीत. एक बाजू वाळवीने खाल्लीय.

सी-५०१ काका: अहो, मग बाजारात कशाला जाता! खाल्लेलं कापून फेकायचं, उरलेल्यात दोन टेबलं निघतील. आपल्या ४५ डिग्रीत नवं, नीट न सुकलेलं लाकूड तडकतं. हे कधीचं सुकून बसलंय, त्रास देणार नाही. फक्त कापायच्या आधी वाळवी आत कुठवर गेलीय ते ठोकून बघा.

बी-२०३ वहिनी: सासूबाईंना विचारते.

*(दीड तासाने)*

बी-२०३ वहिनी: त्या म्हणतात, एक टेबल माझ्या खाटेजवळ ठेवणार असाल तर कापा. सुतार रविवारी येतोय. तोवर २३ इंचाचं मोजून गव्हाचा डबा सोफ्याशेजारी ठेवलाय, खाली दोन पाट. कप ठेवून बघतोय सगळे.

ए-१०२ नाना: सुतार येताच आहे तर पाच मिनिटं माझ्याकडे पाठवा. देव्हाऱ्याचं दार लागत नाही.

बी-४०१ ताई: नानांना आता टेबलाचं काम पटलं वाटतं.

ए-१०२ नाना: दार म्हटलं मी. टेबल नही.