मदत हवी आहे : प्रोजेक्टर आला, तरी मुलांचे लक्ष टिकत नाही

खानापूरच्या बाई : कर्नाटकातील आमच्या मराठी शाळेला एसडीएमसीने (शाळा विकास व देखरेख समितीने) प्रोजेक्टर घेऊन दिला. पहिले चार दिवस मुले पडद्याकडे डोळे लावून बसली. आता व्हिडिओ सुरू होऊन पाच मिनिटे होत नाहीत तोच मागच्या बाकांवर कुजबुज सुरू होते. नुसते पाहण्याचे नव्हे, तर मुलांना स्वतःच्या हाताने काही घडवता येईल असे साधन मला हवे आहे. मंगळवारी पाठ आहे, तेव्हा कृपया लवकर सुचवावे.

निपाणीकर : बाई, इयत्ता, विषय, संगणकांची संख्या, इंटरनेट यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. त्यावाचून काय सुचवणार?

खानापूरच्या बाई : क्षमस्व. सातवी, ३६ मुले, नद्यांचा पाठ. संगणक दोन. इंटरनेट फक्त माझ्या फोनवर, आणि पावसाचा जोर वाढला की तेही जाते.

चिकोडी_गणित : स्क्रॅच घ्या. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाने २००७ मध्ये खुले केलेले, मुलांना कोडिंग शिकवणारे हे साधन विनामूल्य आहे आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालते. माझ्या वर्गातील मुलांनी त्यात स्वतःच्या आवाजात गोष्ट सांगितली, तेव्हा एरवी तोंड न उघडणारी मुलगी सर्वांत आधी पुढे आली. मात्र संगणकावर विंडोज १० आहे का, ते आधी पाहावे.

सीमाभागवासी : बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर मिळतात, ती पडद्यावर दाखवावीत.

खानापूरच्या बाई : आमची मराठी पुस्तके कर्नाटकाची असतात, त्यामुळे धडे जुळत नाहीत, शिवाय तेही पाहणेच झाले. विंडोज ७ आहे.

नंदगडचे सर : मग स्क्रॅचची नवी आवृत्ती चालणार नाही, आणि दोन संगणकांवर ३६ मुलांची पाळी तरी कधी यावी? खानापूरची माती घ्या. पाटावर मातीची मलप्रभा नदी करा, फोन विटांच्या आधाराने पक्का बसवा, नदी बोटभर पुढे सरकवून दर वेळी एक फोटो घ्या आणि ते फोटो स्टॉप मोशन स्टुडिओ या ॲपमध्ये जोडा. सेकंदाला ८ फोटो पुरतात. सहा गटांना नदीकाठची ठिकाणे, म्हणजे कणकुंबी, खानापूर, एम. के. हुबळी, नविलुतीर्थ, पट्टदकल आणि कूडलसंगम वाटून द्या. प्रत्येकाने ४० फोटो घेतले की अर्ध्या मिनिटाचा चित्रपट होतो.

चिकोडी_गणित : सर, यात मुले कोडिंग कुठे शिकली?

नंदगडचे सर : बाईंनी कोडिंग मागितलेले नाही. कणकुंबीला उगम पावलेली नदी कृष्णेला कुठे मिळते, हे ज्या मुलाने स्वतःच्या बोटांनी केले, त्याला ते पाठ करावे लागत नाही.

चिकोडी_गणित : हे मान्य. तरीही जुन्या संगणकावर स्क्रॅचची १.४ आवृत्ती चालते, एवढे नोंदवून ठेवतो.

निपाणीकर : कन्नडमध्ये नावे टंकायची असतील, तर नुडी हे सॉफ्टवेअर वापरावे.

खानापूरच्या बाई : आज कणकुंबीच्या गटाला घेऊन करून पाहिले. घंटा झाली तरी एकही मूल उठले नाही. दोन अडचणी आल्या : मधल्या सुट्टीत माती वाळून तडकली, आणि ढग आले की फोटो काळवंडतात.

नंदगडचे सर : मातीवर ओले फडके टाकून ठेवावे, आमच्याकडचे कुंभार तेच करतात. खिडकी लावून घेऊन दिव्याच्या उजेडात काम करा, आणि फोटोपूर्वी फोनच्या पडद्यावर बोट दाबून धरा. बहुतेक फोनमध्ये त्याने उजेड एकसारखा राहतो.

खानापूरच्या बाई : वीज गेली तर?

नंदगडचे सर : मग व्हरांड्यात, सकाळी पहिल्या तासाला.