मुळशीत दीडशे एकरांची टाउनशिप: पर्यावरण अहवालात नेमकं काय बघायचं?

खाचरवाला

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचं गाव मुळशी तालुक्यात, पार पश्चिमेला. मी हिंजवडीत नोकरीला, शनिवार-रविवार गावी. गावाच्या वरच्या अंगाला मोठा माळ आहे. तो गेल्या काही वर्षांत एजंटांनी तुकड्या-तुकड्यांनी उचलला. आता सगळे सातबारे एका नावावर आलेत आणि कळतंय ते असं: साधारण दीडशे एकर, सहा हजार घरं, शाळा, क्लब, बाजार आणि हेलिपॅड (हसू नका). आमच्या गावाची लोकसंख्या जेमतेम हजार.

हिवाळ्यात काही पोरं आली होती. झेडपीच्या शाळेच्या गच्चीवर हवेचं यंत्र ठेवलं, विहिरीचं पाणी बाटल्यांत भरून नेलं. आता साडेचारशे पानांचा इंग्रजी अहवाल हाती आलाय. जिथे उघडावं तिथे "परिणाम नगण्य". ओढे हंगामी. वनस्पती म्हणजे विरळ गवत आणि काटेरी झुडपं. जमीन पडीक. श्रावणात त्या माळावर चालून दाखवा म्हणावं, घोट्याएवढ्या पाण्यातून जावं लागतं. दोन्ही ओढे तिथूनच निघतात आणि खालची सगळी खाचरं त्यांच्यावरच आहेत.

शिवाय ग्रामपंचायतीकडे पाण्याच्या ना-हरकत दाखल्यासाठी अर्ज आलाय. पुढच्या ग्रामसभेत विषय आहे. धरण उशाला आणि कोरड घशाला अशी आमची गत. मुळशीचं पाणी वीज करून कोकणात उतरतं, आणि मे महिन्यात आमच्याकडे टँकर.

मी सरसकट विरोधक नाही. वडिलांनी त्याच माळावरची दोन एकर विकली, त्यातच बहिणीचं लग्न आणि माझं इंजिनिअरिंग झालं. पण अहवाल वाचून नीट प्रश्न विचारायचे तर सुरुवात कुठून करू? आणि जनसुनावणी कधी असते?

सह्यकडा

जनसुनावणीची जाहिरात पेपरात तीस दिवस आधी येते. त्या दिवशी अख्खं गाव उतरवा, बायाबापड्यांसकट. कॅमेऱ्यासमोर विरोध नोंदवा. बाकी अहवाल-बिहवाल वाचून काही होत नाही, सगळे कॉपी-पेस्ट.

फिल्टरपेपर

सह्यकडा, तीस दिवसांचं बरोबर आहे, पण ते खाणी, कारखाने यांच्यासाठी. इथे जनसुनावणीच नाही. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेत इमारती आणि टाउनशिप हा आठवा विषय, आणि त्याला जनसुनावणीतून सूट दिली आहे. गाव वाट बघत बसतं आणि मंजुरी होऊन जाते, असं होऊ शकतं, म्हणून हे आधी सांगितलं.

खाचरवाला दादा, मी बरीच वर्षं अशा अहवालांसाठी फील्डवर नमुने गोळा करायचं काम केलं. तुमच्या शाळेच्या गच्चीवर आलेली पोरं म्हणजे आमचीच जात. तेव्हा आतून कसं चालतं ते सांगते.

पन्नास हेक्टर जमीन किंवा दीड लाख चौरस मीटर बांधकाम, यातलं काहीही ओलांडलं की प्रकल्प ८(ब) मध्ये जातो आणि पूर्ण पर्यावरण आघात मूल्यांकन अहवाल करावा लागतो. दीडशे एकर म्हणजे साठ हेक्टर, तुमचा त्यात बसतोच. तो राज्याची तज्ज्ञ समिती तपासते आणि तिच्या शिफारशीवर राज्य प्राधिकरण मंजुरी देतं. बैठकीचा अजेंडा आणि इतिवृत्त दोन्ही केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर येतात. त्यामुळे तुमचं म्हणणं लेखी, मुद्देसूद आणि बैठकीच्या आधी पोचायला हवं.

आता अहवाल. सगळ्यात आधी माहिती कुठल्या महिन्यांत गोळा केली ते पान काढा. डिसेंबर ते फेब्रुवारी किंवा मार्च ते मे असणार, कारण पद्धतच तशी ठरलेली आहे: पावसाळा सोडून कुठलाही एक ऋतू. हवेच्या बाबतीत ते योग्यही आहे. आठवड्यातून दोन दिवस, चोवीस तास, असे बारा आठवडे यंत्र चालवायचं. कोऱ्या फिल्टर कागदाचं वजन करायचं, धूळ बसल्यावर पुन्हा वजन करायचं. पावसात धूळ खाली बसते, तेव्हा मोजून काय कळणार? (तुमच्याकडे लाईट किती वेळ जाते त्यावरही पुष्कळ अवलंबून. यंत्र नेहमी सरपंचांच्या नाहीतर शाळेच्या गच्चीवर का, तर तिथे प्लग असतो.) पण पाणी आणि झाडोरा याचं नेमकं उलटं आहे. सह्याद्रीच्या माळावर फेब्रुवारीत गेलात तर ओढा कोरडा, गवत वाळलेलं, खाचरात ढेकळं. पोरांनी जे पाहिलं तेच लिहिलं. ते खोटं नाही, पण वर्षाचे जे चार महिने तुमचं गाव जगवतात ते त्यात नाहीतच.

दुसरं, पाऊस कुठला धरलाय ते बघा. बहुतेक वेळा जवळची वेधशाळा म्हणून शिवाजीनगरचे आकडे घेतात. तिथली वर्षाची सरासरी साधारण सव्वासातशे मिलिमीटर. ताम्हिणीकडे पाच हजारांच्या पुढे जातो. त्या आकड्यावर पावसाच्या पाण्याच्या गटारांची मापं ठरतात, म्हणून हा नुसता टायपिंगचा प्रश्न नाही. एका दिवसात शंभर मिलिमीटर पडला तर साठ हेक्टरवर सहा कोटी लिटर पाणी होतं. तुमच्याकडे जुलैत असा दिवस काही नवलाचा नाही. आज त्यातलं काही मुरतं, काही हळूहळू उतरतं. माळावर छपरं आणि काँक्रीट आलं की ते एकदम ओढ्यात येणार आणि खालच्या खाचरांचे बांध फुटणार. बांधकामाच्या वर्षांत तर मातीसकट. तहसीलमधून तुमच्या महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचे आकडे घ्या आणि अहवालातल्या आकड्याशेजारी ठेवा.

तिसरं, पाण्याचा हिशेब. सहा हजार घरं, घरटी पाच माणसं, म्हणजे तीस हजार. शहरी निकष माणशी १३५ लिटर. अहवालात ते ९० ताजं आणि ४५ फ्लशसाठी पुनर्वापराचं असं फोडलेलं असेल. म्हणजे रोज २७ लाख लिटर ताजं पाणी. तुमच्या गावाला जलजीवनच्या निकषाने माणशी ५५ लिटर, हजार माणसांना ५५ हजार. जवळजवळ पन्नासपट. टँकरने आणायचं तर दहा हजार लिटरच्या २७० खेपा, त्याही रोज. आता "स्रोत" या रकान्यात काय लिहिलंय बघा. तिथे "स्थानिक संस्था" असेल तर ती संस्था म्हणजे तुमची ग्रामपंचायत, आणि तिने पाणी द्यायचं कबूल केल्याचा पुरावा म्हणजे तो ना-हरकत दाखला. म्हणून नुसतं "हरकत नाही" असं लिहून देऊ नका. कुठल्या विहिरीतून किती, मे महिन्यात तिची पातळी काय, गावाला टँकर कोणत्या वर्षी लागला, हे सगळं ठरावात येऊ द्या.

आणि सांडपाणी. वापरलेल्या पाण्याच्या साधारण ऐंशी टक्के, म्हणजे रोज ३२ लाख लिटर. शुद्धीकरण केंद्र असेलच, त्याबद्दल वाद नाही. त्यातलं साडेतेरा लाख फ्लशला परत गेलं, उरलेलं "बागेला" असं लिहितात. जुलैत बागेला पाणी कोण घालतं? ते अठरा-एकोणीस लाख लिटर पावसाळ्यात कुठे सोडणार, एवढा एकच प्रश्न समितीपुढे गेला तरी उत्तर द्यावं लागेल.

उताराचा नकाशाही बघाच. एकास पाचपेक्षा तीव्र उतारावर बांधकाम चालत नाही. २०१४ मध्ये दरडीखाली गेलेलं माळीण आपल्याच जिल्ह्यातलं आहे, वेगळं सांगायला नको.

हवा, आवाज ही प्रकरणं चाळून सोडून दिलीत तरी चालेल. तिथे फारसं काही सापडत नाही.

सह्यकडा, कॉपी-पेस्टचं म्हणाल तर रत्नागिरीतल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीचे उतारे निघाले होते. ते कळलं, कारण कुणीतरी अहवाल वाचला!

पौडचा_पाहुणा

ताई, अभ्यास दांडगा आहे तुमचा. पण एक विचारू? तुम्ही सगळे पुण्यात फ्लॅट घेऊन बसलात आणि आम्ही ओढे राखायचे. आमच्याकडे बाळंतीण अडली तर रात्री दीड तास जीपमध्ये. टाउनशिप आली की रस्ता येतो, दवाखाना येतो, पोरांना काम मिळतं. एकदा हरकती घेतल्या की प्रकल्प दहा वर्षं कुजतो आणि जमीन विकून बसलेला माणूस ना इकडचा ना तिकडचा.

फिल्टरपेपर

दादा, तुमचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. रस्त्याची गरज खरीच आहे. पण अहवालात बघा: एकात्मिक टाउनशिपला किमान अठरा मीटरचा पोचरस्ता लागतो, आणि तो दवाखान्यापर्यंत जातो की नुसता हायवेपासून त्यांच्या गेटपर्यंत, हे नकाशावर दिसतं. दवाखाना गावाला खुला की फक्त रहिवाशांना, तेही विचारून घ्या. मंजुरीच्या अटीत ते लिहून आलं तर तुमचं. तोंडी आश्वासनाला काही किंमत नाही.

आणि कुजण्याचं म्हणाल, तर तुमच्याच तालुक्यातली लवासा आठवा. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राची नोटीस आली, काम थांबलं, पहिल्या टप्प्याला अटींसह मंजुरी मिळायला वर्ष गेलं. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्याला कर्ज, बाजार अशी इतरही कारणं होती. पण तिथे काम अडलं ते पर्यावरण मंजुरीआधीच बांधायला घेतलं म्हणून. गावकऱ्यांनी आधी प्रश्न विचारले म्हणून नव्हे.

गवतफुला

मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. "विरळ गवत" वाचून डोक्यात तिडीक गेली. आमच्या मुलांना घेऊन अशा माळांवर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जाते. सीतेची आसवं, पाणगेंद, तेरडा, सोनकी, आमरीचे दोन-तीन प्रकार, नशीब असेल तर कंदीलपुष्पही. खडकावर दोन बोटं माती आणि पाणी साचलेलं, त्यातच हे सगळं. पाऊस सरला की काही आठवड्यांत गायब. फेब्रुवारीत कुणी कितीही प्रामाणिकपणे शोधलं तरी सापडणार नाही, कारण तेव्हा ती बी नाहीतर कंद होऊन जमिनीत असतात.

ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती कागदावर असतेच, २००२ च्या जैवविविधता कायद्याने ती लागते. लोक जैवविविधता नोंदवही मागवा आणि यंदाच्या पावसाळ्यात त्यात नोंदी करा: तारीख, जागा, फोटो, गट नंबर. म्हाताऱ्या बायकांना आणि गुराख्यांना बरोबर घ्या. कुठली रानभाजी कुठल्या खडकाजवळ उगवते ते त्यांना तोंडपाठ असतं. हवं असेल तर मी येते, फक्त रविवार सोडून सांगा, रविवारी तिकडे गाड्यांची रांग लागते.

खाचरवाला

ताई, मॅडम, दोघींचे मनापासून आभार. आज बसून बघितलं.

पाऊस: शिवाजीनगर. ७२२ मिलिमीटर. ताईंनी पान न बघता सांगितलं!

पाण्याचा स्रोत: "ग्रामपंचायत / टँकर / कूपनलिका". तिन्ही एका ओळीत, कुणाकडून किती ते नाही. पावसाळ्यातल्या सांडपाण्याबद्दल एक शब्दही नाही.

आणि एक वेगळंच निघालं. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या केंद्रीय अधिसूचनेच्या मसुद्यात गावांची यादी आहे असं एका मित्राने सांगितलं. आमचं गाव त्यात नाही, म्हणून अहवालातही "प्रकल्प क्षेत्राबाहेर" असं लिहिलंय. पण माळाचे वरचे चार गट आमच्या महसुली हद्दीत नाहीतच. ते शेजारच्या गावाचे, आणि ते गाव यादीत आहे. अहवालाच्या जमिनीच्या तक्त्यात चारही गट आमच्या गावाच्या नावाखाली दाखवलेत. चूक की चलाखी, देव जाणे.

फिल्टरपेपर

दादा, मग बाकीचं सगळं मागे ठेवा आणि हे पुढे घ्या. १३ नोव्हेंबर २०१३ च्या केंद्राच्या निर्देशांनुसार त्या क्षेत्रात पन्नास हेक्टर किंवा दीड लाख चौरस मीटरच्या टाउनशिपला परवानगीच नाही, वीस हजार चौरस मीटरच्या वरच्या इमारतींनाही नाही. मसुदा पुन्हा पुन्हा निघतोय, सहावा ३१ जुलै २०२४ चा, वायनाडला दरड कोसळली त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. कुठल्या मसुद्याची यादी बघितलीत ते लिहून ठेवा आणि गावाचं नाव मराठी-इंग्रजी दोन्ही स्पेलिंगने तपासा. एका नावाची दोन-दोन गावं असतात.

भूमी अभिलेखमधून दोन्ही गावांचे नकाशे आणि त्या चार गटांचे सातबारे काढा, साक्षांकित प्रती. त्यावर प्रकल्पाची हद्द आखून समितीच्या सचिवांना ईमेल आणि रजिस्टर पोस्ट, दोन्ही करा. मंजुरी निघालीच तर हरित लवादाकडे अपिलाला तीस दिवस मिळतात. सबळ कारण दिलंत तर आणखी साठ, त्यापुढे नाही. लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे, लांब जावं लागणार नाही.

पौडचा_पाहुणा

चार गट वगळून खाली बांधलं तर?

फिल्टरपेपर

तर आराखडा बदलला, घरांची संख्या बदलली, पाण्याचा हिशेब बदलला. म्हणजे सुधारित अहवाल मागता येतो, आणि या वेळी माळ पावसाळ्यात बघा असंही म्हणता येतं. तुम्हीही ग्रामसभेला या दादा, रस्त्याचा आणि दवाखान्याचा मुद्दा तुम्हीच मांडा. खाचरवाला, ठराव झाला की त्याची सही-शिक्क्याची प्रत त्याच दिवशी हातात घ्या.