मदत हवी आहे: फायबर तुटली तरी दुसरा राउटर ताबा घेत नाही (व्हीआरआरपी / कीपअलाइव्हडी)

नमस्कार मंडळी,

एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयाचं नेटवर्क माझ्याकडे आहे. गेटवे म्हणून डेबियन टाकलेले दोन छोटे पीसी, दोन्हींवर कीपअलाइव्हडी (एक पडला तर गेटवेचा पत्ता दुसऱ्याने घ्यावा, ही व्हीआरआरपी पद्धत चालवणारा प्रोग्राम). पहिल्याला मोठ्या कंपनीची फायबर, दुसऱ्याला गावातल्या केबलवाल्याची लाइन. दोन्हीकडे स्टॅटिक आयपी आहे. आतल्या बाजूचे खरे पत्ते १९२.१६८.१०.२ आणि १०.३, सगळ्या मशीनना गेटवे दिलाय तो व्हर्च्युअल १०.१. प्रायॉरिटी १५० आणि १०० (जास्तवाला मास्टर, म्हणजे १०.१ धरणारा; दुसरा बॅकअप), ॲडव्हर्ट म्हणजे मास्टरचा ‘मी जिवंत आहे’ संदेश दर सेकंदाला.

पहिल्याची वीज काढली की साडेतीन-चार सेकंदांत दुसरा मास्टर होतो. तक्रार नाही. पण रस्ता खोदताना फायबर तुटली (आणि आमच्याकडे रस्ता कायम खोदलेलाच असतो) की पहिला मास्टर म्हणून तसाच बसून राहतो. ट्रॅक इंटरफेस (पोर्ट बंद पडला का ते बघणारी सेटिंग) लावून झालं. मग ट्रॅक स्क्रिप्ट (ठरावीक वेळाने तपासणी करणारी) लावली: ८.८.८.८ ला पिंग, इंटरव्हल ५ सेकंद, वेट उणे २० (फेल झाली की प्रायॉरिटी २० ने कमी). लॉगमध्ये स्क्रिप्ट फेल झाल्याचं दिसतं, ताबा मात्र जात नाही.

शिवाय सर्व शाखा या पीसींवरच्या ओपनव्हीपीएनने (इंटरनेटवरून सुरक्षित खासगी जोडणी) मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरला जोडलेल्या आहेत. कनेक्शन टिकावीत म्हणून कॉनट्रॅकडी (चालू कनेक्शनची नोंद दोन्ही पीसींवर सारखी ठेवणारा प्रोग्राम) लावू का?

प्रतिसाद १

गणित करून बघा. १५० वजा २० म्हणजे १३०. समोरचा १०० वर आहे, तो कशाला उठेल? वेट उणे ६० करा, म्हणजे पहिला ९० वर येईल.

प्रतिसाद २

वरचं बरोबर आहे, थोडी भर घालतो.

ट्रॅक इंटरफेस का चालला नाही? तो फक्त तुमच्या पीसीपासून ओएनटीपर्यंतची (फायबर जिथे संपते तो कंपनीचा डबा) केबल बघतो. फायबर तुटली तरी ओएनटी चालू असतो, पोर्टवरचा दिवा लुकलुकत असतो. व्हीआरआरपीला बाहेरच्या जगाचं काहीच माहीत नसतं. जोडीदार जिवंत आहे का, एवढंच तो विचारतो.

पिंग बाहेरच्या इंटरफेसला बांधूनच करा, म्हणजे पिंगला उणे आय (मोठा, कॅपिटल आय) देऊन त्या इंटरफेसचं नाव. नाहीतर उद्या कोणी पहिल्यावर दुसऱ्यामार्गे पर्यायी रूट टाकला, तर पिंग तिकडून फिरून यशस्वी होईल आणि फायबर मेलेली असूनही स्क्रिप्टला सगळं ठीक वाटेल. एकाच पत्त्यावर विसंबू नका, दोन-तीन ठेवा. सगळे गप्प झाले तरच फेल धरा.

फॉल ३ (सलग तीनदा फेल) आणि राइज २४ (सलग चोवीसदा पास) ठेवा. पंधरा सेकंद लाइन मेली की सोडायचं, पण सलग दोन मिनिटं नीट चालल्याशिवाय परत घ्यायचं नाही. फायबर जोडणारे लोक खांबावर चढलेले असताना लाइन चार वेळा येते-जाते, तेव्हा याची किंमत कळते.

आणि कोणी नोप्रीएम्प्ट सुचवेल. उणे वेटसोबत ते लावू नका. नोप्रीएम्प्ट असलेला बॅकअप समोरच्याची प्रायॉरिटी घसरलेली दिसली तरी ताबा घेत नाही, म्हणजे पुन्हा मूळ पदावर. वेट शून्य ठेवलं तर स्क्रिप्ट फेल होताच मशीन फॉल्टमध्ये (म्हणजे शर्यतीतूनच बाहेर) जाते आणि नोप्रीएम्प्ट असूनही काम होतं. पण दोन्ही लाइनी एकदम गेल्या तर १०.१ हा पत्ताच नाहीसा होतो. डीएनएस (नावावरून आयपी शोधणं) किंवा व्हीलॅनमधलं (ऑफिसातल्या नेटवर्कच्या वेगळ्या भागांमधलं) राउटिंग त्या पीसींवर असेल तर ऑफिसातलं ऑफिसातही चालणार नाही. उणे ६० मध्ये ९० विरुद्ध ४० होतं, कोणीतरी उभा राहतो. माझं मत उणे ६० ला.

धागाकर्ता

वेट बदललं, पिंग इंटरफेसला बांधलं. ओएनटीमागची फायबर काढून पाहिली, साधारण वीस सेकंदांत दुसरा मास्टर झाला. दोघांचे आभार! आता कॉनट्रॅकडीचं सांगा.

प्रतिसाद २

तुमच्या बाबतीत उपयोग नाही. दोन लाइनींचे सार्वजनिक आयपी वेगळे आहेत. नॅट झालेलं (आतल्या पत्त्याऐवजी सार्वजनिक आयपी लावून गेलेलं) जुनं कनेक्शन दुसऱ्या आयपीवरून गेलं तर पलीकडचा सर्व्हर त्याला ओळखणार नाही. दोन्ही पीसी एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असते तर कॉनट्रॅकडी लावण्यात अर्थ होता.

शाखांच्या कॉन्फिगमध्ये रिमोटच्या दोन ओळी टाका, दोन्ही आयपींच्या. सर्टिफिकेटं दोन्ही पीसींवर तीच. कीपअलाइव्ह १० ६० (दर १० सेकंदांनी पिंग, ६० सेकंद काही आलं नाही तर तुटलं) असेल तर शाखेला तुटल्याचं कळायलाच एक मिनिट लागतं. ३ १५ करा. सर्व्हर पोल टाइमआउटही (उत्तर न देणाऱ्या आयपीची वाट बघायची मुदत) कमी करा, तो मुळात १२० सेकंद असतो.

एक मेख आहे. बॅकअपवर ओपनव्हीपीएन चालू ठेवू नका. एखादी शाखा त्याच्याकडे चिकटून राहिली, तर सर्व्हरची उत्तरं १०.१ कडे, म्हणजे पहिल्याकडे जातील आणि त्याला ती शाखा माहीतच नसेल. नोटिफाय मास्टरमध्ये (मशीन मास्टर झाली की कीपअलाइव्हडी चालवतं ती स्क्रिप्ट) सेवा सुरू, नोटिफाय बॅकअप आणि नोटिफाय फॉल्टमध्ये बंद. बूट होताना आपोआप सुरू होणंही डिसेबल करा.